परसातला ताग

वाटणीत गाय अक्काकडे गेली आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. सासरे गेल्यावर वर्षाच्या आत देवपूरच्या आमच्या घरात दोन चुली झाल्या. घर लांबीनं वाटलं. उगवतीची बाजू थोरल्या दिरांची, मावळतीची आमची. मागच्या परसाचेही दोन तुकडे झाले आणि मध्ये विटांची एक ओळ जमिनीत पुरली. विहीर सामाईक राहिली. गोठा आणि गाय त्यांच्या वाट्याला गेली, धुण्याचा दगड आमच्या वाट्याला आला. वाटणी मी मागितली होती. माझे यजमान कचेरीत कारकून होते. रोज पूल ओलांडून धुळ्यात जायचे, साहेबापुढे मान खाली घालायचे आणि घरी येऊन थोरल्या भावापुढेही तेच करायचे. ते तोंड उघडणार नव्हते, म्हणून मी उघडलं. लग्न होऊन आल्यापासून मी अक्कानं वाढलेलं जेवत होते आणि अक्का म्हणेल तेव्हा उठत होते. पुरे झालं होतं.

अक्कानं ह्यांना लहानपणी अंगाखांद्यावर वागवलं होतं. मी आले, तिचं पोर तिच्यापासून तोडलं आणि घरही फोडलं, असं तिनं मनाशी धरलं. त्यात अगदीच खोटं नव्हतं. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा वाटणीच मागेन.

पहिल्या पावसाळ्यात मी परसात वांगी लावली. सासूबाईंच्या काळापासून त्या परसात वांगीच होत आलेली. आमच्याकडे भरिताशिवाय पाहुणा जेवत नाही, तेव्हा दुसरं काही लावायचं कोणाच्या मनातच येत नसे. वांग्यावर वांगी, वांग्यावर मिरची, पुन्हा वांगी. शेण मिळे त्याच्या गोवऱ्या थापायच्या आणि राख भांड्यांना लावायची. जमिनीला कोणी काही देत नव्हतं. त्यात माझ्या वाट्याची माती धुण्याच्या दगडाखालची. सोड्याच्या पाण्यानं वर पांढरी पापडी धरलेली, खाली कुदळ मारली की ढेकूळ निघे आणि ढेकूळ फोडलं तर आत गांडूळ नाही की ओल नाही. रोपं गुडघ्याच्या वर गेलीच नाहीत. वांगी आली ती सुपारीएवढी, वाकडी, आतून बियांनी भरलेली.

अक्का विटांच्या ओळीपलीकडे उभी राहून बघायची. एकदा शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "देख वं बाई. जमीनले बी कळस, कोन घरनं आनि कोन घर तोडनारं."

तिच्या बाजूची वांगी काही फार बरी होती असं नाही, पण गोठ्याला लागून असल्यामुळे गाईचं मूत तिकडे झिरपे आणि तेवढ्यावर तिचं भागत असे.

दिवाळी झाल्यावर मी मन घट्ट करून तिच्याकडे गेले. दारात उभी राहिले. तिनं बस म्हटलं नाही.

"अक्का, थोडं शेण हवं होतं. परसात टाकायला. पाटीभर दिलंत तरी चालेल."

ती गोवऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "गाय कोनी शे?"

"तुमची."

"मंग शेण कोनं शे?"

"तुमचं."

"मंग माले काबर इचारस? तुले वाटणी पाहिजे व्हती. वाटणी व्हई गयी." आणि थापलेली गोवरी तिनं भिंतीवर अशी मारली की तिचे शिंतोडे माझ्या लुगड्यावर उडाले. ते मुद्दाम की चुकून, हे मी आजही सांगू शकत नाही. मला त्या वेळी मुद्दामच वाटलं.

मी ह्यांना म्हटलं, तुम्ही आबांशी बोला. आबा म्हणजे माझे थोरले दीर, कापसाच्या जिनात मुकादम. हे म्हणाले, "शेणासाठी भावाशी भांडू का आता?" मी म्हटलं, "शेणासाठी नाही, माझ्यासाठी." ते टोपी घालून बाहेर निघून गेले. त्या दिवसापासून ते घरात असले तरी मी बरेच दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

माझं माहेर रावेरकडचं. तापीच्या काळ्या जमिनीत केळी आणि कापूस, आमच्या घरात दुसरी गोष्टच नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात तशी मीही त्या वर्षी गेले. झोके झाले, गाणी झाली, आणि एका सकाळी मी वडिलांबरोबर मळ्यात गेले. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. नुकतीच केळीची जुनी बाग काढलेली होती आणि नाना त्या रानाकडे बघत उभे होते.

मी सगळं सांगितलं. शेणाचं, वांग्यांचं, लुगड्यावरच्या शिंतोड्यांचंसुद्धा. नाना माझ्या कटकटी ऐकून घेणारे नव्हते. लग्नात दिलेली मुलगी दिली, असं त्यांचं होतं. पण जमिनीचं ऐकलं की त्यांचे कान टवकारत.

"शेण देत नसेल तर राहू दे," ते म्हणाले. "तिच्या गाईच्या मागं पाटी घेऊन फिरणार का तू? इथं मी काय करतो बाग काढल्यावर?"

"ताग पेरता."

"मग पेर की. दाट पेर, बोट जाणार नाही असा. पाऊस पडला की वर येतो. फुलं पिवळी दिसायला लागली की कापायचा, तुकडे करायचे आणि ओल्या जमिनीत गाडायचा. दाणा धरू द्यायचा नाही. काडी निबर झाली की ती कुजत नाही, मग ती जमीन खाते. कवळा गाडला तर जमीन त्याला खाते."

येताना त्यांनी मला बियाण्याचं गाठोडं दिलं. आई म्हणाली, पोरीला पापड-कुरडया द्यायच्या सोडून तागाचं बी देताय. नाना म्हणाले, पापड तिला तिथंही मिळतील.

पाऊस लागल्यावर मी परस खणलं. एकटीनं खणलं. हे सकाळी कचेरीत जात, संध्याकाळी येऊन ओट्यावर बसत, आणि मी कुदळीनं ढेकळं फोडत असे. धुण्याचा दगड मी ओढत ओढत विहिरीजवळ नेला म्हणजे सोड्याचं पाणी मातीत जायचं नाही. मग ताग फेकला आणि वर माती ओढली. आठवडा व्हायच्या आत परस हिरवं झालं.

अक्काला आधी वाटलं मी अंबाडी पेरली आहे. अंबाडीची भाजी सगळेच खातात, तिचं तिला काही वाटलं नाही. पण रोपं वर आली तशी तिला पानं वेगळी दिसली. एक दिवस ती विटांच्या ओळीपर्यंत आली. बोटानं एक रोप वाकवून पाहिलं आणि सरळ विहिरीवर गेली, जिथं गल्लीतल्या बाया पाणी भरत होत्या.

"हिनी ताग पेरा," तिचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. "दारमा. तिरडीनी दोरी दारमा पेरी टाकी हिनी. सासरा मरा, आते कोन मरावाले पाहिजे हिले?"

मी कळशी घेऊन बाहेर आले. बायांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपापल्या घागरींकडे पाहिलं.

"अक्का," मी म्हटलं, "विहिरीचा दोरही तागाचाच आहे. त्यानं रोज पाणी भरता ना? प्यायला बाधत नाही का?"

ती म्हणाली, "तोंडनं लई तेज शे. हातनं बी तितकी व्हती तं वांगा नस्ता का आला तुन्हा?"

बाया हसल्या. त्या हसण्याचा मला राग आला तो अजून गेलेला नाही. श्रावणातल्या हळदीकुंकवाला गल्लीतून चार घरांनी मला बोलावलं नाही. शेजारच्या घरात बाळंतीण होती. तिच्या सासूनं मला निरोप पाठवला की सध्या येऊ नकोस. मी त्या बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू केले होते. ते मी स्वतः खाल्ले.

ताग वाढतच राहिला. आधी कमरेएवढा, मग छातीएवढा, मग माझ्या डोक्यावर. वारा आला की सगळं परस एका बाजूला झुके. दुपारी आत शिरलं तर जमिनीवर ऊन पोचत नसे, खालचं गवत मरून गेलं होतं आणि माती ओली, गार लागत असे. मला तिथं उभं राहायला आवडायचं, कारण तिथून अक्काचं घर दिसत नव्हतं.

ती लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळेना, कापड मिळेना, चांगला दोर तर दिसेनासा झाला होता. आबांची नजर तागावर गेली ती त्यामुळे. मी त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन उभी राहत असे आणि त्यांच्याशी थेट बोलत नसे; तेही मला काही सांगायचं असलं की ह्यांना सांगत. त्या दिवशी मात्र ते परसात आले आणि भिंतीकडे बघत बोलले, म्हणजे मलाच.

"ताग झकास आला आहे. कापायचा नाही आता. दसऱ्यापर्यंत उभा राहू दे. वाळला की पांझरा नदीत भिजवू, सोलू. विहिरीला दोर होईल, गाईला दावी होतील, बाजेला सुतळी होईल. दोन्ही घरांना पुरेल."

दोन्ही घरांना. शेणाच्या वेळी दोन घरं होती, तागाच्या वेळी एक झालं.

हे लगेच म्हणाले, "हो, हो, चांगली कल्पना आहे."

मी पदराआडून म्हटलं, "फुलं लागली आहेत. उद्या मी तो कापणार आणि गाडणार. दोरासाठी पेरलेला नाही."

आबांना कोणी असं उत्तर दिलेलं मी त्या घरात पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडे न बघताच ह्यांना म्हणाले, "बायकोला समज दे. लोक दोरासाठी रांगेत उभे राहतात आणि ही तो मातीत घालते." आणि निघून गेले.

आत आल्यावर हे माझ्यावर ओरडले. क्वचितच ओरडत, म्हणून ते ओरडणं मला हास्यास्पद वाटलं. त्यांनी विचारलं, "मोठ्या माणसाचा मान म्हणून काही आहे की नाही?" मी म्हटलं, "आहे. तुम्ही सगळा देऊन टाकलात, माझ्यापाशी काही उरला नाही." ते पानावरून उठले. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि माझं जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विळा घेऊन परसात आले तर तागात गाय होती.

रात्रभर पाऊस पडला होता. पानं पाण्यानं निथळत होती आणि अक्काची गाय मधोमध उभी राहून ओरबाडत होती. एक कोपरा तिनं सपाट केला होता. मी तिला हाकललं, ती हलेना. मी गोठ्याकडे पाहिलं. दावं खुंट्याला होतं, तुटलेलं नव्हतं. गाठ नीट सोडलेली होती. गाईला गाठ सोडता येत नाही.

मी हाक मारली, "अक्का!"

ती पदर सावरत आली. जणू आत्ताच तिला कळत होतं. "अरे, सुटी गयी का? जनावर शे. हिरवं देखं, गयी." आणि गाईला ओढत नेताना म्हणाली, "खाऊ दे थोडं. नाहीतरी तू मातीमाच टाकशी."

मी विळा चालवायला सुरुवात केली. रागानं हात भराभर चालत होता. अर्धा ताग आडवा झाला असेल, तेवढ्यात गोठ्यातून अक्काची किंकाळी ऐकू आली.

गाय आडवी होऊ पाहत होती आणि होता येत नव्हतं. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली होती. तोंडातून लाळ, डोळे बाहेर आलेले, श्वास घशात अडकलेला. पहाटेचा ओला कोवळा पाला उपाशी पोटी खाल्ला की असं होतं. माहेरी मी हे किती तरी वेळा पाहिलं होतं, एकदा बैल गेलाही होता.

मी आत शिरले तशी अक्का आडवी आली. "हात लावू नको! मन्ही गायले तून जहर दिधं! तागमा काय टाकं तून?"

"बाजूला व्हा. पोट फुगलंय. वेळ नाही."

"मरी जाई मन्ही गाय! तुले तेच पाहिजे!"

आबा जिनात जायला निघाले होते, ते गोठ्याच्या दारात उभे राहिले. त्यांनी गाईकडे पाहिलं, मग अक्काला म्हणाले, "तिला करू दे."

मी कडुलिंबाची बोटाएवढी जाड फांदी तोडून गाईच्या तोंडात आडवी घातली आणि शिंगांना बांधली. तोंड उघडं राहतं, जनावर फांदी चघळत राहतं आणि ढेकर येतात. घरातून गोड्या तेलाची बरणी आणली. त्या दिवसांत तेल जपून वापरायचो, तरी होतं नव्हतं ते सगळं ओतलं, त्यात हिंग आणि ओवा कुटून घातला आणि बांबूच्या नळीनं पाजलं. मग आबांना, पदर बाजूला पडलेला असतानाच, म्हटलं, "पुढचे पाय उंचावर येतील अशी उभी करा. आता चालवा. बसू देऊ नका." त्यांनी ऐकलं. आम्ही दोघं गाईला गोठ्यातून परसात, परसातून गोठ्यात फिरवत राहिलो. मी तिची कूस दोन्ही मुठींनी दाबत होते. बऱ्याच वेळानं तिला मोठा ढेकर आला, त्याला असा वास होता की आबांनी तोंड फिरवलं. मग दुसरा आला. कूस हळूहळू खाली बसली.

अक्का खुंट्याजवळ जमिनीवर बसून रडत होती. गाय शेण टाकून मोकळी झाली तेव्हा तिनं डोळे पुसले, उठली, माझ्याजवळ आली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल.

"तेल तून आनं," ती म्हणाली, "म्हंजे तुले ठाऊक व्हतं काय व्हनार शे ते. म्हनीसनी तेल तयार ठेवं व्हतं."

मी आबांकडे पाहिलं. मी खुंट्यावरचं दावं उचललं, गाठ सोडलेलं टोक त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे तुटलंय का बघा." त्यांनी पाहिलं. कोणी सोडलं असेल हे त्यांना कळलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण ते दावं त्यांनी खुंट्यावर परत टाकलं आणि जिनात निघून गेले.

उरलेला ताग मी त्याच दिवशी कापला. विळ्यानं वीतभर तुकडे केले, चर खणले, त्यात दाबले, वर माती ओढली आणि पायांनी तुडवली. हे संध्याकाळी आले तेव्हा मी गुडघ्यापर्यंत चिखलात होते. ते पायरीवर उभे राहून बघत राहिले. मग त्यांनी कोट काढला, धोतर वर खोचलं आणि शेवटचा चर खणला. ते खणणं त्यांना जमत नव्हतं.

पुढचे काही दिवस परसातून आंबूस वास येत होता. अक्कानं गल्लीत सांगितलं की मी मेलेलं जनावर पुरलंय. मग वास गेला. गणपती झाल्यावर एक दिवस मी उकरून पाहिलं तर ढेकूळ हातात घेतल्याबरोबर सुटलं. माती काळसर झाली होती, भुसभुशीत, आणि आत तागाच्या काड्यांचे नुसते धागे राहिले होते. गांडुळं दिसली. मी तिथं वांग्याची रोपं लावली, कडेनं मेथी टाकली.

त्या हिवाळ्यात माझी वांगी अशी आली की रस्त्यानं जाणारे लोक कुंपणावरून बघत. भरिताची मोठी हिरवी वांगी, काटेरी देठाची, भाजली की साल आपोआप सुटणारी. चंपाषष्ठीला मी गल्लीतल्या ज्या चार घरांनी मला बोलावलं नव्हतं त्या चारही घरी एकेक टोपली नेऊन दिली. प्रेमानं नाही. त्यांनी ती घेताना माझ्याकडे बघावं म्हणून. बाळंतिणीच्या सासूनं टोपली घेतली आणि म्हणाली, "काय टाकलंस गं?" मी म्हटलं, "तिरडीची दोरी."

अक्काच्या घरी मी एकही वांगं दिलं नाही. आबांनी एकदा ह्यांना सुचवून पाहिलं. ह्यांनी मला सांगितलंच नाही. मला ते फार नंतर कळलं.

पुढच्या पावसाळ्यात अक्काच्या बाजूला ताग उगवला. बी कुठून आणलं तिनं, मला माहीत नाही. कोणाला विचारलंही नसेल, कारण कसा करायचा हे सांगणारी मी एकटीच होते आणि माझं नाव ती तोंडानं घेत नव्हती. मी माझाही पेरला होता. दोन्ही बाजूंना सारखाच वर आला. माझ्याकडे फुलं दिसली तशी मी विळा घेतला. तिच्याकडेही फुलं आली होती.

मला बोलायचं नव्हतं. पण नानांची मुलगी होते. उभं पीक वाया जाताना बघणं मला जमत नाही. मी विटांच्या ओळीजवळ जाऊन म्हटलं, "अक्का, आता कापा. पुढं काडी निबर होते, मग कुजत नाही."

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "माले शिकाडू नको."

"शिकवत नाही. सांगते आहे."

"तू सांगशी तवय मी नही कापनार."

आणि नाही कापला. मी सांगितलं म्हणूनच नाही कापला. ताग पिवळाधमक झाला, फुलं गळली, शेंगा धरल्या, वाऱ्यानं खुळखुळायला लागल्या. काड्या लाकडासारख्या झाल्यावर तिनं एक मजूर लावून त्या आहेत तशा, न तोडता, जमिनीत पुरल्या. पाऊस संपला होता. माती कोरडी. त्यात त्या काड्या बांधलेल्या जळणासारख्या पडून राहिल्या आणि त्यांना उधई, म्हणजे वाळवी, लागली. उधई काड्यांवरून तिच्या मिरच्यांवर गेली, मिरच्यांवरून वांग्यांवर. सकाळी उठावं तर एक रोप मान टाकलेलं, उपटावं तर मूळच नाही. तिचं सगळं परस गेलं. पुढं उधई गोठ्याच्या खांबापर्यंत पोचली.

तिनं विहिरीवर सांगितलं, "हिनी सांगं म्हनीसनी मी ताग पेरा. हिनीच उधई लावी दिधी." ऐकणाऱ्या बायांनी या वेळी मान डोलावली नाही, कारण माझ्या घरची वांगी त्यांनी खाल्ली होती. पण तिला कोणी खोटंही म्हटलं नाही.

मग अक्कानं तिच्या बाजूला फरशी घातली. सगळ्या परसाला, गोठ्यापासून विटांच्या ओळीपर्यंत. गवंडी दोन आठवडे ठोकत होता. आबांना ते पसंत नव्हतं, पण त्यांनी तिला कधी अडवल्याचं मी पाहिलं नाही. एवढीशीही माती तिनं उघडी ठेवली नाही. तुळससुद्धा कुंडीत गेली. उन्हाळ्यात ती फरशी इतकी तापे की मांजर त्यावरून धावत जाई. पावसात सगळं पाणी माझ्या बाजूला वाहून येई आणि माझा ताग बुडे. मी तिथं चर काढला आणि ते पाणी विहिरीकडे वळवलं. तिनं तो चर बुजवला. मी पुन्हा काढला. असं दोन पावसाळे चाललं. एकमेकींना काही न बोलता, ती दगड घालायची आणि मी काढायचे.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षाच्या सुमारास आबांची दृष्टी गेली. जिनातलं काम सुटलं. त्यांची लेक बोदवडला दिली होती, ती दोघांना घेऊन गेली. गाय विकली. टांगा दारात उभा होता आणि अक्का घराला कुलूप लावत होती. आबांनी किल्ली ह्यांच्याकडे दिली आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. दोघं भाऊ रडत होते. अक्का माझ्याजवळ आली. तिचे केस पिकले होते. मी पाया पडायला वाकले, रीत म्हणून.

तिनं आशीर्वाद दिला नाही. म्हणाली, "मन्ही फरशी उखाडू नको."

मी उभी राहिले. "बघू," म्हटलं.

टांगा पुलाकडे वळला तशी मी पहार घेऊन परसात गेले. हे म्हणाले, अगं निदान त्यांची आगगाडी तरी सुटू दे. मी म्हटलं, गाडीचा आणि फरशीचा काय संबंध? चार-सहा फरशा मी त्याच दिवशी काढल्या, बाकीच्या पुढच्या महिन्याभरात. खालची माती मी हातात घेऊन पाहिली. पांढरट, घट्ट, वास येणारी, जिवंत असं तिच्यात काही नव्हतं. पावसाळ्याला अजून वेळ होता. मी ती खणून उन्हात पडू दिली.

बोदवडला कोणीतरी खबर पोचवली. तिकडून निरोप आला, कोणाला विचारून फरशी काढली? ह्यांनी काय कळवायचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही कळवू नका.

अक्का एकदा आली, एका लग्नासाठी धुळ्याला आली होती तेव्हा. दारातून सरळ परसात गेली. फरशा भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि तिच्या बाजूच्या जमिनीत ताग उभा होता, अजून बारीक, सगळीकडे सारखा न उगवलेला. मी तांब्याभर पाणी आणलं आणि समोर धरलं. तिनं घेतलं नाही. "हाई मन्हं व्हतं," म्हणाली आणि आली तशी बाहेर पडली.

मी तांब्यातलं पाणी प्यायले. ऊन होतं, मलाही तहान लागली होती. मग आत जाऊन पीठ मळायला घेतलं. ह्यांनी विचारलं, अक्का काय म्हणाली. मी म्हटलं, काही नाही.

त्या जमिनीत धड भाजी यायला पुढं बरीच वर्षं गेली.